रूळ तेच, डबे नवे

मराठवाड्यातल्या मुरुडमधलं एक घर, दिवाळीची सुट्टी, दुपारची वेळ. मामाच्या लॅपटॉपसमोर दहा वर्षांची भाची बसली आहे. पडद्यावर एक सरडा माणसासारखा दोन पायांवर चालतोय आणि तोंडातून आगीचे गोळे फेकतोय. मागचं चित्र एखाद्या सुंदर बालपुस्तकाच्या पानासारखं, हाताने रंगवलेलं. मामा मागून हात घालतो आणि एक बटण दाबतो. एक उभी रेघ पडद्यावरून सरकत जाते आणि तिच्या मागोमाग सगळं पालटतं. झाडांचे चौकोनी ठिपके होतात, आकाश सपाट निळं होतं, सरड्याचा बोटभर ठोकळा होतो.

"मामा, काय केलाव हे? परत करा की!"

चित्र बदललं, पण सरडा हवेत होता तो हवेतच राहिला. उडी जिथे मोडायला हवी होती तिथेच मोडली आणि आगीचा गोळा जिथे पोचायचा तिथेच पोचला. भाचीच्या बोटांना काहीच कळलं नाही, कळलं ते फक्त डोळ्यांना. या खेळाला नवा जन्म देणाऱ्यांची सगळी मेहनत याच गोष्टीसाठी होती.

खेळाचं नाव 'वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप'. मूळ खेळ १९८९ सालचा, सेगाच्या मास्टर सिस्टिम या यंत्रावरचा. नवी आवृत्ती एप्रिल २०१७ मध्ये आली. ती पॅरिसच्या लिझर्डक्यूब या छोट्या स्टुडिओने बनवली. प्रोग्रॅमिंग ओमार कॉर्नू यांचं, चित्रं बेन फिके यांची. मराठवाड्यात मास्टर सिस्टिम फारशी कुणी पाहिली नसेल. तरीही मामाच्या पिढीला हा खेळ परका वाटत नाही, कारण त्याचा सख्खा भाऊ या पिढीच्या घरी येऊन गेलाय.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम गावोगाव पोचले. मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे ते डबे आणि त्यांच्यावर खोचायची कॅसेट. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ फिरून फिरून यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, आणि पांढरी टोपी घातलेला, गवताचा घागरा नेसलेला, दगडी कुऱ्हाडी फेकत फळं खात पळणारा एक गडी. त्या खेळाला पोरं नुसतं 'आयलंड' म्हणायची. पूर्ण नाव 'ॲडव्हेंचर आयलंड'.

हा 'आयलंड' म्हणजे मुळात 'वंडर बॉय'च. १९८६ साली र्‍यूइची निशिझावा यांच्या कंपनीने 'वंडर बॉय' आर्केडसाठी केला. त्या नावाचे हक्क सेगाकडे राहिले, खेळाचे मात्र कंपनीकडे. म्हणून हडसन सॉफ्टने तोच खेळ निन्टेन्डोच्या यंत्रावर आणला तेव्हा नायक आणि नाव दोन्ही बदलले. ब्राझीलमध्ये तर याहून मोठी गंमत झाली. तिथे मास्टर सिस्टिम विकणाऱ्या टेकटॉय कंपनीने 'ड्रॅगन्स ट्रॅप'मध्ये मोनिका या तिथल्या लाडक्या चित्रकथेतली पात्रं बसवली. त्या देशातल्या कितीतरी मुलांसाठी हा खेळ मोनिकाचाच. एकच सांगाडा वेगवेगळ्या गावी वेगवेगळे कपडे घालून नांदला. निशिझावा यांच्या कंपनीच्या नावाचीही अशीच गोष्ट आहे. निशिझावा यांच्यातला 'निशी' म्हणजे पश्चिम, भागीदार इशिझुका यांच्यातला 'इशी' म्हणजे दगड. वेस्ट आणि स्टोन मिळून झालं वेस्टोन.

आता हा सांगाडा परत उभा कसा करायचा? सोपी वाट म्हणजे जुना खेळ समोर ठेवून, नजरेने अंदाज घेत, नव्या साधनांनी तो पहिल्यापासून लिहायचा. पुष्कळ जण तेच करतात. पण त्यात उडी 'तशीच' होते, 'तीच' होत नाही. हा फरक खेळणाऱ्याला शब्दांत सांगता येणार नाही. तो एवढंच म्हणेल की कायतरी निसटल्यासारखं वाटतंय.

कॉर्नू यांनी अवघड वाट धरली. मास्टर सिस्टिमच्या जुन्या खेळांचा अभ्यास ते तरुणपणापासून करत होते आणि ती यंत्रं संगणकावर हुबेहूब चालवणारा मेका हा एम्युलेटरही त्यांनी लिहिलेला होता. त्यांनी मूळ कॅसेटमधला प्रोग्रॅम उलगडला. ही कॅसेट होती २५६ किलोबाइटची. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. एवढ्याशा जागेत सगळे राक्षस, सगळी गावं, सगळं संगीत. आत झेड-८० प्रोसेसरच्या सूचना, नुसत्या आकड्यांच्या रांगा. त्यांत ना कुठे नाव ना टिपण. कुठला आकडा नकाशाचा, कुठला राक्षसाच्या आयुष्याचा, कुठला उडीचा, हे एकेक करून ओळखायचं होतं.

उडीचंच बघू. खेळणाऱ्याला ती कमान दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ती एक वजाबाकी असते. बटण दाबलं की नायकाला वर जाण्याचा एक वेग मिळतो. सेकंदाच्या साठाव्या भागात एकदा त्या वेगातून ठरलेला आकडा कमी होतो. वेग शून्यावर आला की शिखर, त्याखाली गेला की उतरण. हा आकडा किंचित हलला तरी ज्या फळीवर पूर्वी पाय टेकायचा तिथे तो टेकत नाही. मूळ आकडा मिळवून जसाच्या तसा ठेवला तर तीस वर्षांपूर्वी हाताला लागलेली सवय आजही चालते.

बार्शीहून लातूरला येणारी नॅरोगेज या भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणीत आहे. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फुटांच्या अंतराचे, गाडी १९११ साली लातूरला पोचली. पुढे शतकभराने ब्रॉडगेज आलं तेव्हा रूळ उखडावे लागले, तेव्हाच मोठे डबे धावले. लिझर्डक्यूबने याच्या नेमकं उलट केलं. रुळाला हात लावला नाही आणि त्याच अरुंद रुळावर नवे डबे चढवले.

हे डबे चढवणं फिके यांचं काम, आणि तेही सोपं नव्हतं. मास्टर सिस्टिमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा, चित्रं आठ बाय आठच्या फरश्या जोडून केलेली. नायकाला तलवार लागली की नाही हे ठरवणारी चौकट त्या ठिपक्यांच्या मापाची. नव्या चित्रात नायक सिंहमानव होतो तेव्हा त्याची आयाळ कितीही उडू दे, तलवारीचा फटका कितीही झोकात निघू दे, टक्कर होणार ती जुन्याच चौकटीशी. चित्रकाराने मनाला येईल तसा हात लांब काढला तर खेळणारा म्हणेल, 'लागलं होतं की!' म्हणजे फिके यांना चित्र तर जिवंत काढायचं होतं, पण वीतभर चौकटीशी प्रामाणिकही राहायचं होतं. दुकानातलं एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं डुक्कर बघा. मूळ खेळात ते मूठभर ठिपक्यांचं होतं. नव्यात त्याची ढब, त्याचं बसणं, त्याची नजर दिसते, आणि तरी जुन्या खेळाडूला ते पहिल्या नजरेत ओळखू येतं.

संगीताचंही तसंच. शिनिची साकामोतो यांच्या मूळ चाली मास्टर सिस्टिमच्या चिपवर वाजायच्या. तीन सूर आणि एक खरखर, एवढंच तिचं भांडवल. मिकाएल जेर यांनी त्याच चाली खऱ्या वाद्यांवर नव्याने बांधल्या. चित्र आणि आवाज वेगवेगळे बदलता येतात, त्यामुळे नवं चित्र आणि जुना आवाज असंही खेळता येतं. मामा तसंच खेळतो.

या सगळ्याला खुद्द निशिझावा यांचा आशीर्वाद होता, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. जुनं उकरून विकणारे पुष्कळ असतात. ज्याने बांधलं त्याला विचारून, त्याच्या हिशोबाचा मान राखून काम करणारे कमी. नवी भरही त्यांनी बेताने घातली. वंडर गर्ल ही मुलगी आता नायिका म्हणून निवडता येते. भाचीने अर्थात तीच निवडली. आपल्याकडेही अशी कामं होऊ लागली आहेत. १९८० सालच्या पॅक-मॅनचा मोबाइलवरचा अधिकृत खेळ पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीने हाती घेतला. मराठी पोरांच्या हातून अजून बरंच व्हायचं आहे, आणि ते व्हावं.

मुरुडच्या त्या घरात मामाला अजून एक गोष्ट दाखवायची होती. जुन्या यंत्रांवर खेळ साठवून ठेवायची सोय क्वचितच असायची. 'आयलंड'मध्ये लाइट गेली की सगळं पाण्यात, आणि मराठवाड्यात लाइट तर जायचीच. 'ड्रॅगन्स ट्रॅप'मध्ये यावर तोड होती. चौदा अक्षरांचा पासवर्ड वहीत उतरवून ठेवायचा, परत टाकला की खेळ तिथून सुरू. तेव्हाचे ते पासवर्ड २०१७ च्या आवृत्तीतही चालतात. मामाने वेस्टोन हे नाव आणि पुढे शून्यांची रांग टाकली. हा त्या काळातला गाजलेला पासवर्ड. दार उघडलं, आणि वंडर बॉय ढाल-तलवारीसह सज्ज उभा.

भाचीला हे पटलं नाही. "असं आयतं नको," म्हणून तिने खेळ पहिल्यापासून लावला. ड्रॅगन मारला, शाप लागला, सरडा झाली, मग पुढचा ड्रॅगन मारून उंदीर झाली. हा उंदीर चौकटीचौकटीच्या विटांना चिकटून भिंतीवर चढतो, छतावरून उलटा चालतो. नव्या रंगीत चित्रात तिला त्या विटा पटकन सापडेनात. दोनदा पडली. मग कुणी न सांगता तिने ते बटण दाबलं, रेघ सरकली, ठिपके आले. विटांच्या चौकटी लख्ख दिसू लागल्या. उंदराचा सगळा भाग ती जुन्याच चित्रात खेळली.