हट्टाचं इंजिन

जगातल्या बड्या कंपन्यांनी नाद सोडला, पण हिरोशिमातल्या एका छोट्या कंपनीने तिकोनी इंजिन सोडलं नाही. माझदाच्या या हट्टाची किंमत कंपनीने मोजली आणि तिच्या गाड्यांच्या मालकांनीही.

'ब्रॅप-ब्रॅप-ब्रॅप...' रील्स स्क्रोल करताना हा आवाज कधी ना कधी तुमच्या कानावर पडलाच असेल. गाडी जागेवर उभी, पण इंजिन असं तडतडतंय की आता उडी मारेल. 'टोकियो ड्रिफ्ट'मधली हानची केशरी-काळी गाडी आठवते? किंवा 'इनिशियल डी'मधल्या ताकाहाशी भावांच्या गाड्या? सगळ्या माझदा आरएक्स-७. रेसिंग गेममध्ये ती घेतली नाही असा गेमर विरळाच.

गंमत म्हणजे माझदाची कार भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. तरी नाव ओळखीचं वाटतं, कारण आपल्यापैकी अनेक जण 'स्वराज माझदा'च्या मिनीबसमध्ये दप्तर मांडीवर घेऊन शाळेत गेलेत. पंजाबातल्या कंपनीची ती गाडी जपानी माझदाच्या तंत्रज्ञानावर बनायची. पुढे तिथे इसुझूचं नाव आलं आणि २०११मध्ये 'माझदा' हा शब्द पाटीवरून गेला. पण 'ब्रॅप ब्रॅप'वाली माझदा आणि शाळेच्या बसवरची माझदा, दोन्हींचं मूळ गाव एकच. हिरोशिमा.

बुचापासून सुरुवात

१९२०मध्ये हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' नावाची कंपनी निघाली. काम काय, तर बूच बनवायचं. वर्षभरात सूत्रं आली जुजिरो मात्सुदा यांच्याकडे. कोळ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस यंत्रांमध्ये रमणारा. त्यांनी कंपनीला बुचाकडून यंत्रांकडे वळवलं. १९२७मध्ये नावातला 'कॉर्क' गेला आणि १९३१मध्ये कारखान्यातून तीन चाकी मालवाहू गाडी बाहेर पडली. पुढे एक चाक, मागे हौदा. आपल्याकडच्या तीन चाकी टेम्पोचा जपानी आजोबाच म्हणा ना!

या गाडीला नाव दिलं 'माझदा'. मालकाच्या 'मात्सुदा' आडनावाशी ते जुळत होतंच, पण कंपनी त्याचा आणखी एक अर्थ सांगते. अहुर मझ्दा, म्हणजे आपल्याकडचे पारशी ज्याची उपासना करतात तो प्रकाशाचा, ज्ञानाचा देव. मुंबईतल्या अग्यारीत ज्याचं नाव घेतलं जातं, तेच जपानी टेम्पोवर!

मग आला ६ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब पडला आणि शहराचा मध्य होत्याचा नव्हता झाला. माझदाचा कारखाना स्फोटाच्या जागेपासून सुमारे ५ किलोमीटरवर आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी. त्या टेकडीने बराचसा तडाखा अंगावर घेतला. इमारती उभ्या राहिल्या, पण कामगार आणि त्यांची घरंदारं शहरातच होती. अनेक जण परत आलेच नाहीत.

पुढचे कित्येक महिने हा कारखाना फक्त कारखाना नव्हता. जखमींवर तिथे उपचार झाले. प्रांताच्या सरकारी कचेऱ्यांना छप्पर उरलं नव्हतं, त्यांचाही कारभार तिथूनच चालला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीन चाकी गाड्या पुन्हा बनायला लागल्या. हिरोशिमा उभं करायला माल वाहणारं काहीतरी हवंच होतं.

या शहराचं आणि कंपनीचं नातं मग कायमचं जुळलं. हिरोशिमाचा बेसबॉल संघ 'तोयो कार्प'. यातलं 'तोयो' म्हणजे हीच कंपनी.

सैतानाची नखं

पहिली कार, आर३६०, आली १९६०मध्ये. छोटी, स्वस्त, लोकांना आवडलेली. पण डोक्यावर तलवार लटकत होती. जपान सरकारला वाटत होतं की देशात कार कंपन्या फार झाल्यात, मोजके मोठे गट करावेत. म्हणजे लहान कंपन्यांनी मोठ्यांच्या पोटात जायचं. जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी तेव्हा अध्यक्ष होते. स्वतंत्र राहायचं तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं, हे त्यांनी ओळखलं.

ते 'काहीतरी' सापडलं जर्मनीत. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर एनएसयू ही कंपनी वेगळंच इंजिन बनवत होती. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि त्या हालचालीचं रूपांतर फिरण्यात करावं लागतं. वांकेल इंजिनात पिस्टन नाहीतच. मध्ये किंचित दबलेली, शेंगेच्या टरफलासारखी पोकळी आणि तिच्यात गरगर फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण. तो फिरताना हवा-इंधन आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं, ही चारही कामं पोकळीच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी चालू असतात. सुटे भाग कमी, वजन कमी, थरथर जवळपास नाही. कागदावर तरी स्वप्नच!

माझदाने १९६१मध्ये एनएसयूशी करार पक्का केला. प्रत्यक्षात हातात पडली ती डोकेदुखी. त्रिकोणाच्या तीन टोकांना पट्ट्या असतात, त्यांना 'एपेक्स सील' म्हणतात. त्या पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात. इंजिन काही तास चाललं की त्या गुळगुळीत भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठायचे. इंजिनिअर त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणायचे.

केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरची टीम कामाला लागली. जपानी दंतकथेत आपल्या धन्यासाठी सगळं पणाला लावणारे ४७ रोनिन, म्हणजे धनी गमावलेले सामुराई, प्रसिद्ध आहेत. या टीमलाही तेच नाव पडलं. सीलसाठी त्यांनी एकामागून एक पदार्थ तपासले. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून बनवलेली पट्टी टिकली आणि मे १९६७मध्ये दोन रोटरची 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीला आली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या. एक शेवटच्या टप्प्यात बंद पडली, दुसरी चौथी आली. काही तासांत ओरखडे पडणारं इंजिन आता साडेतीन दिवस धावत होतं.

बुडता बुडता

इथे सिनेमा संपायला हवा होता. पण १९७३मध्ये तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं आणि रोटरीचा सगळ्यात मोठा दोष उघडा पडला. ती पेट्रोल पिते! माझदाने तोवर गाडीमागून गाडीत रोटरी बसवली होती. अमेरिकेतली विक्री कोसळली आणि कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. सुमितोमो बँकेने हात दिला. कारखान्यातल्या हजारो लोकांना शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवलं गेलं. १९७९मध्ये फोर्डने जवळपास २५ टक्के हिस्सा घेतला.

शहाणी कंपनी इथे रोटरी सोडून देते. इतरांनी तेच केलं. एनएसयूची रोटरी कार बंद झाली, जनरल मोटर्सने आपला प्रकल्प गुंडाळला. माझदाने रोजच्या गाड्यांमध्ये पुन्हा पिस्टन आणले आणि रोटरी फक्त स्पोर्ट्स कारसाठी राखून ठेवली. १९७८मध्ये आली आरएक्स-७. २००२पर्यंत तीन पिढ्यांत ती ८ लाखांहून जास्त बनली.

आणि मग १९९१. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत. माझदाची ७८७बी, चार रोटर, हिरवा-केशरी रंग, नंबर ५५. सुरुवात एकोणिसाव्या जागेवरून. नियमांमुळे तिला ८३० किलो वजनाची सवलत मिळाली होती. प्रतिस्पर्धी जॅग्वार होत्या हजार किलोंच्या. तो फायदा होताच, पण चोवीस तास न कुरकुरता धावणं हे इंजिनाचं स्वतःचं काम होतं. शेवटच्या काही तासांत आघाडीवरची मर्सिडीज तापून थांबली आणि माझदा पुढे गेली. ३६२ फेऱ्या, पहिला नंबर. ल मान्स जिंकणारी पहिली जपानी कंपनी! टोयोटाला त्यासाठी २०१८ उजाडावं लागलं. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट मात्र पाणी कमी पडून इतका गळून गेला की बक्षीस घ्यायला वर उभाच राहू शकला नाही. त्याला त्या पोडियमवर उभं राहायला मिळालं थेट २०११मध्ये, विजयाच्या विसाव्या वर्षी.

मालक काय म्हणतात?

हे सगळं झालं पोस्टरवरचं. पण ही गाडी दारात उभी असते तेव्हा काय होतं?

रोटरीच्या मालकांचं म्हणणं जगभर साधारण सारखंच आहे. 'आरएक्स-८'चंच घ्या. १३०८ सीसीचं इंजिन ९ हजार आरपीएमपर्यंत असं अलगद चढतं की रेडलाइन आली हे सांगायला गाडीतला बझर वाजावा लागतो. चालवणारा हमखास प्रेमात पडतो. मग सुरू होतो संसार.

पहिला नियम, ऑइल सतत तपासा. सील घासू नयेत म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडं थोडं ऑइल जाळतं. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. ज्याला माहीत नसतं त्याचं इंजिन कोरडं पडतं. दुसरा, थंड गाडी सुरू करून दहा फूट सरकवून लगेच बंद करायची नाही. प्लग पेट्रोलने भिजतात आणि पुन्हा सुरू होताना गाडी नाकीनऊ आणते. पार्किंगमध्ये "जरा मागे घे रे" म्हणणारा शेजारी हा रोटरीवाल्याचा शत्रू नंबर एक! तिसरा, जुनी गाडी घेताना कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तेही रोटरीसाठीच्या खास यंत्रावर. साध्या गेजला तीन बाजूंचा हिशेब वेगवेगळा कळत नाही. अॅव्हरेज? लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तर ठीक चाललंय म्हणायचं.

आरएक्स-८च्या इंजिनांच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत कंपनीने इंजिनाच्या मुख्य भागाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. शोरूममधून निघाल्यावर किती मालकांनी मनस्ताप सोसला असेल, याचा अंदाज यावरून येतो. इंजिन उघडून पुन्हा बांधणं हा इथे अपघात नाही, आज ना उद्या येणारा खर्च आहे.

दुसऱ्या टोकाला आहे एमएक्स-५. तिच्यात रोटरी नाही, साधं पिस्टन इंजिन आहे. १९७९मध्ये बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराने यामामोतोंना सुचवलं होतं की हलकी, उघड्या टपाची, स्वस्त स्पोर्ट्स कार बनवा. हेच यामामोतो पुढे अध्यक्ष झाले आणि १९८९मध्ये ती गाडी आली. माझदाचं त्यामागचं सूत्र होतं 'जिनबा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. २०१६पर्यंत १० लाख एमएक्स-५ बनल्या. मालकांच्या तक्रारी ठरलेल्या. डिकीत दोन बॅगा मावल्या तर नशीब, उंच माणसाचे गुडघे अडतात, जुन्या गाड्यांना गंज धरतो. तरी पन्नास-साठच्या वेगातही मजा येते, हे कौतुकही ठरलेलं. २०१७मध्ये कंपनीने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ नव्यासारख्या करून द्यायची योजना जाहीर केली. त्यासाठी कापडी टप आणि मूळ मापाचे टायरही पुन्हा बनवून घेतले.

आणि तिसरे मालक म्हणजे साध्या माझदा ३ किंवा सीएक्स-५ वाले. स्टिअरिंगचं कौतुक सगळेच करतात. मागची सीट अडचणीची आहे, अशीही कुरकुर असते. २०१९च्या माझदा ३मध्ये कंपनीने टचस्क्रीन काढून गोल फिरवायचं बटण दिलं. का, तर चालकाची नजर रस्त्यावर राहावी. जग टचकडे धावत असताना हे उलटं चालले. पुन्हा तोच स्वभाव!

हट्टाचं बिल

२०१२मध्ये आरएक्स-८ थांबली. प्रदूषणाचे नियम आणि पेट्रोलचा खर्च यापुढे रोटरीची स्पोर्ट्स कार टिकली नाही. २०२३मध्ये रोटरी परत आली, पण वेगळ्या रूपात. 'एमएक्स-३०' या गाडीत चाकं फिरवते ती इलेक्ट्रिक मोटर. एका रोटरचं छोटं इंजिन फक्त बॅटरी चार्ज करतं. छोट्या जागेत बसणारं, कमी थरथरणारं. जिथे त्याचे गुण कामी येतात तिथे त्याला बसवलंय.

टोयोटा समूह वर्षाला कोटीभर गाड्या विकतो, माझदा साधारण बारा लाख. एवढ्याशा कंपनीला चुका परवडत नाहीत आणि मोठ्यांची नक्कल तर त्याहून परवडत नाही. रोटरीचा हट्ट त्यातूनच आला. तो शौक नव्हता, गिळले जाऊ या भीतीतून शोधलेला मार्ग होता. त्या मार्गाने माझदाला ल मान्सचा कप मिळवून दिला आणि एकदा जवळपास बुडवलंही. दोन्ही खरं आहे.

उद्या तुमच्यापैकी कुणी शिकायला ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत जाईल आणि सेकंड-हँड बाजारात एखादी लाल आरएक्स-८ आश्चर्यकारक स्वस्तात दिसेल. किंमत बघून हुरळून जाऊ नका. ती स्वस्त का आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे. आधी कॉम्प्रेशनचा रिपोर्ट मागा, इंजिन बांधायचे पैसे बाजूला काढा. त्यानंतरही ती हवीशी वाटली, तर बेलाशक घ्या. फक्त डिकीत ऑइलचा एक डबा कायम असू द्या!