फॅक्सचे मुखपृष्ठ आपल्या गरजेनुसार
‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘टूल्स’मधील ‘कव्हर पेजेस’ उघडून ‘न्यू’ निवडल्यावर मुखपृष्ठाचा संपादक सुरू होतो; त्यात ‘इन्सर्ट’मधून मांडलेली क्षेत्रे, म्हणजे प्रेषक, प्राप्तकर्ता आणि विषय यांसाठी राखलेल्या जागा, फॅक्स पाठवताना आपोआप भरल्या जातात, आणि हेच या सोयीचे खरे सामर्थ्य होय. प्रेषकाची माहिती मात्र आधी नोंदवलेली असावी लागते.

आराखडा साधा ठेवणेच श्रेयस्कर, कारण सर्वसाधारण फॅक्सच्या प्रत्येक आडव्या ओळीत १७२८ ठिपके असतात व प्रत्येक ठिपका केवळ काळा किंवा पांढरा असतो. परिणामी राखाडी छटा व छायाचित्रे विखुरलेल्या ठिपक्यांत मोडतात आणि, सलग कोरी जागा जशी मोजक्या संकेतांत सामावते तशी ती सामावत नसल्याने, प्रेषणाचा वेळही वाढतो.