झोपेत अडणारा श्वास आणि हृदयाची बिघडलेली लय

घोरणे हा आपल्या समाजात थट्टेचा विषय आहे. लग्नघरात किंवा आगगाडीच्या डब्यात रात्रभर घोरणाऱ्या गृहस्थाची सकाळी यथेच्छ चेष्टा होते, आणि तोही ती हसून स्वीकारतो. घोरणे म्हणजे गाढ झोप आणि गाढ झोप म्हणजे उत्तम प्रकृती, असे एक सोपे समीकरण या थट्टेमागे असते. वैद्यकाने गेल्या सहा दशकांत हे समीकरण चुकीचे ठरविले आहे. घोरण्याचा आवाज चालू असतो तोवर निदान श्वास तरी चालू असतो. तो आवाज मध्येच एकाएकी थांबतो, तेव्हा खरी चिंता सुरू व्हावयास हवी.

'स्लीप अ‍ॅप्निया' या विकाराच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. छाती हवा ओढण्याची धडपड करते, परंतु हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ ही स्थिती टिकते. रक्तातील प्राणवायू घटला की मेंदू सावध होतो. निजलेला माणूस क्षणमात्र अर्धवट जागा होऊन घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. तासाला ५ ते १५ वेळा श्वास असा अडला किंवा उथळ झाला तर विकार सौम्य, १५ ते ३० वेळा झाल्यास मध्यम आणि ३० च्या वर गेल्यास तीव्र मानला जातो. म्हणजे तीव्र विकार असलेल्या माणसाच्या बाबतीत सात तासांच्या झोपेत हे दोनशेहून अधिक वेळा घडते. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नसते.

हृदयावर पडणारा ताण

त्याला आठवत नसले तरी त्याच्या हृदयाला हे सारे सोसावे लागते. मिटलेल्या श्वासमार्गाविरुद्ध छाती ओढ घेते तेव्हा छातीच्या पोकळीतील दाब फार खाली जातो आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या पातळ भिंती ताणल्या जातात. श्वास अडलेला असताना मंदावलेली नाडी श्वास सुटताच धावू लागते, रक्तदाब उसळतो. वर्षानुवर्षे रात्रीमागून रात्र हे घडत राहिले की त्या भिंतींची रचनाच बदलू लागते आणि हृदयाचे विद्युत्‌संदेश वाट चुकू लागतात. मग वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरतात. वैद्यकात यालाच 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून त्याची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. म्हणूनच या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

हा संबंध काही आजचा शोध नव्हे. १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी झोपेत अडणाऱ्या श्वासाची नोंद केली. १९८३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा ४०० रुग्णांच्या हृदयाचा रात्रभराचा आलेख तपासला, तेव्हा जवळजवळ निम्म्या रुग्णांत लयीचा काही ना काही बिघाड आढळला. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासाने हाच प्रश्न उलट बाजूने विचारला. एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना झोपेतील श्वासरोध असण्याचा संभव दिसला. इतर हृदयरुग्णांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. त्याच वर्षी मुंबईतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांचा, ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत असल्याचे आणि ७.५ टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार असल्याचे आढळले. हा श्रीमंत देशांपुरता आजार आहे, असे म्हणण्यास यानंतर जागा उरली नाही.

उपायाची मर्यादा

यावर उपायही आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे दाबाची हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 'सीपॅप' यंत्र ते हेच. दिवसाची पेंग त्याने जाते, रक्तदाबही थोडा उतरतो. तथापि हृदयाच्या लयीबाबत अधिक सावधपणे बोलावयास हवे. लय पूर्ववत केल्यानंतर वर्षभरात ती पुन्हा बिघडण्याचे प्रमाण श्वासरोधावर उपचार न झालेल्यांत ८२ टक्के, तर उपचार घेतलेल्यांत ४२ टक्के असल्याचे २००३ च्या एका अभ्यासात दिसले होते. परंतु रुग्णांची यदृच्छ विभागणी करून पुढे झालेल्या चाचण्यांनी ही आशा तितकीशी खरी ठरविली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,७१७ रुग्णांच्या चाचणीतही यंत्रामुळे हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत. अर्थात तेथे रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते. शिवाय लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब हे दोन्ही विकारांचे सामाईक मूळ असते. यंत्र हा रामबाण नव्हे; परंतु या कारणास्तव निदानच करू नये, हा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल.

निदानाची अडचण वैद्यकीय कमी आणि अर्थशास्त्रीय अधिक आहे. कोणत्याही सेवेला मागणी येते ती गरज जाणवल्यामुळे. दात दुखला की माणूस दंतवैद्याकडे जातो. येथे मात्र लक्षणे प्रकट होतात तेव्हा रोगी झोपलेला असतो. आपल्याच आजाराची वार्ता त्याला सर्वांत शेवटी कळते, आणि कळली तरी ती थट्टेच्या रूपाने. साक्षीदार असते ती त्याची पत्नी. पण दवाखान्यात तिला कोणी विचारीत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला तर साक्षीदारच नसतो. स्त्रियांमध्ये हा विकार थकवा किंवा निद्रानाश अशा वेषात येत असल्याने पुष्कळदा ओळखलाच जात नाही. जी गरज जाणवत नाही ती बाजारात मागणी म्हणून उमटत नाही. म्हणून हे निदान केवळ रुग्णाच्या पुढाकारावर सोडून चालणार नाही.

दरम्यान खर्च थांबत नाही. हृदयाच्या लयीसाठी औषधे, विजेचा झटका, प्रसंगी शस्त्रक्रिया यांवर कुटुंबाची पुंजी खर्ची पडते. रात्रीचा श्वास मात्र अडतच राहतो. त्या तुलनेत घोरणे, दिवसाची पेंग, कोणी पाहिलेला श्वासरोध, रक्तदाब, मानेचा घेर अशा आठ मुद्द्यांची, २००८ पासून उपलब्ध असलेली प्रश्नावली जवळजवळ फुकट आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे चालू आहेच. त्यात झोपेविषयी दोन प्रश्नांची भर घालावी, आणि ज्याची नाडी अनियमित लागते त्याच्या घरच्यांना तरी ते अवश्य विचारावेत. महागडी निद्राचाचणी मग ज्यांच्याविषयी संशय बळावेल त्यांच्यापुरतीच राखता येईल.

हे होईपर्यंत घरोघरी एवढे तरी व्हावे, की शेजारच्या अंथरुणावरचे घोरणे मध्येच थांबते आणि मग घुसमटून पुन्हा सुरू होते, हे ज्याने ऐकले असेल त्याने ते सकाळी हसण्यावारी नेऊ नये. त्याने ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. कारण ते सांगू शकणारा दुसरा कोणी नसतो.