हलकं रिव्हॉल्व्हर, भारी गैरसमज

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा विषय निघाला की ‘स्नब-नोज’ रिव्हॉल्व्हरचं नाव निघतंच. जेमतेम दोन इंचांची नळी, पाच काडतुसांचं सिलिंडर, आणि सगळा ऐवज पँटच्या पुढच्या खिशात मावणारा. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत आता ते जवळ बाळगायला परवानाही लागत नाही. उरलेल्या राज्यांनाही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रूएन निकालानंतर ‘तुम्हाला खास गरज आहे हे सिद्ध करा’ अशी अट घालता येत नाही. त्यामुळे टेक्सास-जॉर्जियात स्थिरावलेला एखादा मराठी माणूसही दुकानाच्या काउंटरपुढे उभा राहतो आणि पहिला प्रश्न येतो तो कॅलिबरचा. .३८ घ्यायचं, .३५७ मॅग्नम, .३२ की .२२? सल्ले फुकट मिळतात, आणि त्यातले निम्मे सिनेमातून आलेले असतात.

सगळ्यात चिवट समजूत म्हणजे ‘मोठी गोळी लागली की माणूस उडून पडतो’. साधा हिशेब करून पाहा. .३८ स्पेशलची नेहमीची १५८ ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे १० ग्रॅम शिसं. दोन इंची नळीतून ती सेकंदाला साधारण २१५ मीटर वेगाने निघते. तिचा सगळा संवेग सत्तर किलोच्या माणसाला दिला, तर त्याला मिळणारा वेग भरतो सेकंदाला फक्त तीन सेंटिमीटर. गोळीत माणूस उडवण्याची ताकद असती, तर झाडणाराही तेवढ्याच जोराने मागे उडाला असता. न्यूटनचा तिसरा नियम पडद्यावर चालत नाही एवढंच. हातातल्या शस्त्राची गोळी थांबवते ती शरीरात पुरेशी खोल जाऊन, आणि नेमक्या जागी लागून.

‘पुरेशी खोल’ म्हणजे किती, याचं मोजमाप अमेरिकेने महागात शिकलं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच एजंटची ९ मिमी गोळी दंडातून आरपार जाऊन छातीत लागली होती, पण ती हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. तो लढत राहिला आणि दोन एजंट प्राणाला मुकले. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्यांची पद्धत बसवली आणि १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर खोली ही अपेक्षा ठरवली. आजही काडतुसं जोखताना हाच मापदंड वापरतात. यात ‘ती जखम किती भयंकर दिसते’ याला कुठेच गुण नाहीत.

आता मुख्य गोष्ट, वजन. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९५० साली ‘चीफ्स स्पेशल’ आणलं तेव्हा ते पोलादी होतं, साधारण साडेपाचशे ग्रॅमचं. पुढे ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं ‘एअरवेट’ आलं. त्याचं आजचं ६४२ हे मॉडेल चारशे ग्रॅमच्या थोडं वर भरतं. मग स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमचं ३४०पीडी आलं. ते जेमतेम ३३५ ग्रॅमचं, आणि कॅलिबर मात्र .३५७ मॅग्नम! काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन निम्मं केलं, की मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. त्यावर काडतूसही मोठं घेतलं, तर काय होणार? कागदावर मांडून पाहिलं, तर एअरवेटमधल्या साध्या .३८च्या तुलनेत ३४०पीडीमधल्या मॅग्नमचा धक्का सुमारे तिप्पट भरतो. खिशाला हलकं ते हाताला जड, हा व्यवहार कोणत्याच धातूने चुकवता आलेला नाही.

धक्क्याचा त्रास फक्त तळहाताला होत नाही. १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका, अशी ताकीद कंपनीने ३४०पीडीवरच कोरली आहे. वाचणाऱ्याला वाटतं, हलकी गोळी म्हणजे सौम्य काडतूस, मग हरकत काय? पहिलं काडतूस उडतं तेव्हा उरलेली चार सिलिंडरसकट झटक्याने मागे येतात. त्यांतल्या गोळ्या मात्र जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात आणि पुंगळीतून पुढे सरकतात. कुऱ्हाड घट्ट बसवायची तर आपण दांड्याचं टोक जमिनीवर आपटतो आणि पातं आपोआप खाली सरकतं, तसाच हा प्रकार. हलकी गोळी आखूड असल्यामुळे पुंगळीच्या पकडीत तिचा भाग कमी राहतो. ती पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचंच थांबतं. ‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

‘.३५७ घेऊन ठेवा, त्यात .३८ही चालतं’ हा सल्ला मात्र निम्मा खरा आहे. दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच. मॅग्नमची पुंगळी मुद्दाम तीनेक मिलिमीटर लांब केली, ती जुन्या .३८मध्ये कोणी कोंबू नये म्हणून. म्हणजे .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ चालतं, उलट कधीही नाही. पण मॅग्नमची मिजास असते लांब नळीत. दोन इंचांत बरीचशी दारू नळीबाहेर जळते. वेग .३८पेक्षा जास्त मिळतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात डोळे दिपवणारा भडका, कान बधिर करणारा आवाज आणि वर उसळलेलं शस्त्र पदरी पडतं. दुसरी गोळी नेम धरून मारेपर्यंत जो वेळ जातो, तो तक्त्यांत छापलेला नसतो. माझ्या मते ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात मॅग्नम म्हणजे हौस आहे, निवड नव्हे.

गोळीच्या प्रकाराबद्दलही असाच घोळ आहे. पोकळ टोकाची गोळी शरीरात फुलते म्हणून ती घ्यावी, असं म्हणतात. पण फुलायला वेग लागतो, आणि तोच दोन इंची नळीत तुटपुंजा असतो. मग कधी गोळी फुलतच नाही, तर कधी फुलते आणि पुरेशी खोल जात नाही. आखूड नळीसाठी खास बेतलेली काडतुसं आहेत. स्पीअरचं १३५ ग्रेनचं गोल्ड डॉट त्यातलं नावाजलेलं. पण त्यावरचं ‘+पी’ म्हणजे वाढीव दाब, आणि वाढीव दाब म्हणजे वाढीव धक्का. याउलट १४८ ग्रेनचं वॅडकटर हे काडतूस नेमबाजीच्या सरावासाठी जन्मलं. सपाट तोंडाची, दंडगोलासारखी गोळी. कागदावर पंचने पाडल्यासारखं गोल भोक पाडते. धक्का सौम्य, आणि फुलण्याच्या भानगडीत न पडल्यामुळे पुरेशी खोलही जाते. दिसायला अगदी बावळट, पण हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी अनेक जाणकार आज तेच सुचवतात.

‘.३२ म्हणजे खेळणं’ असं म्हणणाऱ्यांना इतिहास माहीत नसावा. थिओडोर रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे प्रमुख असताना, १८९६ साली त्यांनी शिपायांना दिलं ते .३२ बोअरचं कोल्ट. मध्यंतरी हे कॅलिबर मागे पडलं, आता पुन्हा वर येतंय. कारण सोपं आहे: काडतूस बारीक, म्हणून तेवढ्याच सिलिंडरमध्ये पाचाऐवजी सहा बसतात, आणि .३२ एच अँड आर मॅग्नमचा धक्का .३८पेक्षा कमी. एकच उणीव, काडतुसं महाग आणि कधी मिळतात, कधी नाही. .२२चं म्हणाल, तर सांधेदुखीने हात कमजोर झालेल्या माणसाला ते चालू शकतं. आठ गोळ्या आणि नावापुरता धक्का. पण त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेत असतो, त्यामुळे फुसक्या काडतुसांचं प्रमाण जास्त. ९ मिमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं बसवायला बहुधा वेगळी चकती लागते. सरावाचा खर्च कमी, यापलीकडे त्यात मला फार राम दिसत नाही.

उरला तो ‘छोटं रिव्हॉल्व्हर बायकांना बरं’ हा समज. दुकानदार हे कौतुकाने सांगतात, आणि ते साफ उलटं आहे. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण पाच किलोंचा जोर लागतो, आणि शस्त्राचं वजन अर्ध्या किलोहून कमी. चाप ओढता ओढताच नळी हलते. माशी आणि खाच यांतलं अंतर बोटभर, त्यामुळे केसभराची चूक लक्ष्यावर वीतभर होते. हे तर कसलेल्या हाताचं शस्त्र आहे. आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ काढलं तेही महिलांसाठी म्हणून; .३२ बोअर, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. नावामागे निर्भयाची आठवण होती, हेतूही चांगला होता. पण परवाना आणि किंमत यांइतकाच मोठा प्रश्न सरावाचा आहे, आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही.

भारतात परवानाधारकाच्या हाती येतं ते बहुतेक वेळा .३२च, त्यामुळे इथे हा वाद लवकर मिटतो. त्या काडतुसांच्या बुडावर ‘के.एफ.’ अशी अक्षरं दिसतात, ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची.

अमेरिकेत मात्र निवड तुमच्या हातात आहे, तेव्हा ती काउंटरवर करू नका. बहुतेक रेंजवर रिव्हॉल्व्हर भाड्याने मिळतं. सात मीटरवर चहाच्या बशीएवढं लक्ष्य लावा, पाच गोळ्या झाडा, लगेच पुन्हा पाच. दुसऱ्या पाच भरताना हात कचरला किंवा भोकं बशीबाहेर गेली, तर काडतूस एक पायरी खाली आणा. शस्त्र घरी आणण्याआधी कुलपाची पेटी आणा. या रिव्हॉल्व्हरांना बाहेरून सेफ्टी बहुधा नसतेच, आणि पाच किलोंचा चाप दोन अंगठ्यांनी ओढणं लहान मुलालाही जमू शकतं.