घरातील उष्णतेचा जमाखर्च

काटकसरीची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या घरांतून पहिला हुकूम सुटतो तो दिवे मालवण्याचा. आणि ज्या काळी खोलीखोलीतून ६० वॅटचा तारेचा दिवा जळत असे, त्या काळी तो हुकूम सर्वथा योग्यच होता. आज त्याची जागा ९ वॅटच्या एलईडी दिव्याने घेतली आहे. स्नानासाठी २० लिटर पाणी २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवावयाचे झाल्यास जवळजवळ अर्धे युनिट वीज खर्ची पडते, आणि तेवढ्याच विजेवर हा दिवा ५० तास जळू शकतो. घराच्या जमाखर्चातील मोठी कलमे उष्णतेच्या खाती पडतात, कारण ती कुठे निर्माण करावी लागते तर कुठे घराबाहेर घालवावी लागते.

घालवण्याची पाळी मुख्यतः छपरामुळे येते. वाड्याला जाड भिंती, पुढे पडवी, मध्ये चौक आणि कौलांखाली माळा असे. त्या माळ्यातील कोंडलेली हवा उन्हाचा ताप माजघरापर्यंत सहसा पोहोचू देत नसे. सिमेंटचा उघडा स्लॅब मात्र दिवसभर ऊन शोषून घेतो आणि रात्री, माणसे झोपावयास जातात नेमक्या त्याच वेळी, ती साठवण खाली सोडू लागतो. वैशाख-ज्येष्ठात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की त्याची उपेक्षा व्हावी याचे मला मनापासून दुःख वाटते: उन्हाळा लागण्यापूर्वी गच्ची स्वच्छ करून तिला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत, म्हणजे उन्हाचा बराचसा भाग आल्या वाटेने परत जातो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा बांबूची चीक सोडावी, कारण काचेतून एकदा आत शिरलेली उष्णता पडदा परत पाठवू शकत नाही. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर थोड्या विजेत खोली उत्तम थंड करतो. कोकणच्या दमट हवेत पाण्याचे बाष्पीभवनच मंदावते, सबब तेथे त्याचा उपयोग नाही.

यंत्रांपैकी पंख्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, तर बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाचे १२ तास चालणारे तीन पंखे बदलले तर दरमहा ४८ युनिटांची किफायत होते. वातानुकूलन यंत्र २० ऐवजी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद सोडावा. ही यंत्रे विकत घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पट्टीवरील ताऱ्यांबरोबर वार्षिक युनिटांचा छापील आकडा आणि पट्टीचे वर्षही वाचावे, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत. स्वयंपाकघरात कडधान्य भिजवून, झाकण ठेवून शिजवावे आणि उकळी फुटताच आच कमी करावी. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही, मग ज्वाळा कितीही मोठी असो.

महावितरणच्या दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दर चढत जातो. म्हणून वाचलेले प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. यानंतर सूर्याकडे वळावे. चौघांच्या कुटुंबास १०० लिटरचा सौर बंब बहुधा पुरतो, आणि गीझरचे कलम पावसाळा वगळता जवळजवळ नाहीसे होते. छतावरील सौर पटले १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटे देतात. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान ठरवण्यात आले. पुष्कळ गृहस्थ याच योजनेपासून आरंभ करतात आणि गळक्या घराच्या मापाने मोठी यंत्रणा बसवून घेतात. तेव्हा पटलांचा करार करण्यापूर्वी मागील १२ महिन्यांची बिले काढून बसावे, गच्चीला चुना द्यावा, पंखे बदलावेत, आणि एक उन्हाळा गेल्यावर किती किलोवॅट हवेत ते ठरवावे.