एक लिटर मध म्हणजे किती किलो?

प्रश्न सोपा वाटतो. एक लिटरची बाटली मधाने भरली, तर मध किती भरला? बरेच जण पटकन म्हणतात, "एक किलो." पाण्याच्या बाबतीत ते बरोबर आहे, दुधाच्या बाबतीतही जवळपास. मधाच्या बाबतीत मात्र नाही. एका लिटरमध्ये साधारण १.४२ किलो मध मावतो.

असं का? मधात साधारण १७ ते २० टक्के पाणी असतं. बाकी जवळजवळ सगळी साखर, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. साखर पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त जड, म्हणून दोन्हींचं मिश्रण मध्ये कुठेतरी येतं.

हिशेब सरळ आहे. मिलीचे ग्रॅम करायचे तर १.४२ ने गुणा, ग्रॅमचे मिली करायचे तर भागा. ५ मिलीचा चमचा म्हणजे ७ ग्रॅम. १५ मिलीचा मोठा चमचा म्हणजे २१ ग्रॅम. २४० मिलीचा कप म्हणजे ३४० ग्रॅम. अर्धा किलो मधाला फक्त ३५० मिली जागा लागते. त्यामुळे ती बाटली लहान दिसली तर लगेच दुकानदारावर संशय घेऊ नका!

आता पैशाचं बघू. समजा, भाव किलोला ६०० रुपये आहे. लिटरची बाटली भरून कुणी ६०० ला विकली, तर त्याचा सव्वाचारशे ग्रॅम मध, म्हणजे अडीचशे रुपये, फुकट गेले. उलट अर्ध्या लिटरची बाटली "एक किलो" म्हणून घेतलीत, तर तुम्हाला मिळाला जेमतेम ७१० ग्रॅम. म्हणून मध वजनावरच घ्यावा आणि द्यावा.

पण हा १.४२ आकडा पक्का नाही. २० अंश सेल्सिअसला, १५ टक्के पाणी असेल तर मध पाण्याच्या १.४३५ पट जड भरतो. १८ टक्क्यांना १.४१७ पट, २१ टक्क्यांना १.३९५ पट. फरक लहान आहे, पण महत्त्वाचा. पाणी वाढलं की यीस्टला वाव मिळतो आणि मध आंबतो. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वसाधारण मधासाठी २० टक्के पाण्याची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

हे घरी करून बघता येईल. एका बाटलीवर खूण करा. रिकामी, खुणेपर्यंत पाणी भरून आणि मग नीट कोरडी करून मध भरून, अशी तीनदा वजनं करा. समजा ती ४०, २९० आणि ३९५ ग्रॅम आली. पाणी २५० ग्रॅम, मध ३५५ ग्रॅम. ३५५ भागिले २५०, उत्तर १.४२. बाटलीवर छापलेल्या मापाची गरजच पडली नाही. फक्त मधात बुडबुडे नकोत आणि दोन्ही गोष्टी खोलीच्याच तापमानाला हव्यात, कारण गरम मध पसरतो आणि हलका भरतो. खूण एक टक्क्याने चुकली, तरी १८ आणि २० टक्के पाण्यातला फरक त्यात बुडून जातो. म्हणून अचूक मोजणीसाठी थेंबभर मधावर चालणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात.

आणि एक लक्षात ठेवा. साखरेचा तेवढाच घट्ट पाकही १.४२ च्या आसपासच भरेल. वजन-मापावरून मधातल्या पाण्याचा अंदाज येतो, तो शुद्ध आहे की नाही हे कळत नाही. "जड आहे म्हणजे अस्सल आहे" असं कुणी सांगितलं, तर हा पाक आठवा.