लहान चाकू की मोठा चाकू? मुलांच्या हातात कोणता द्यावा?



आज एका साध्या वस्तूबद्दल लिहिते आहे. चाकू. कार्यानुभवाच्या तासाला, परसबागेत किंवा घरी स्वयंपाकघरात मुलाच्या हातात चाकू द्यायची वेळ आली की आपण बहुतेक जण एकच करतो. दुकानातला सगळ्यात लहान चाकू उचलतो. मूल लहान, म्हणून चाकूही लहान. मीही तेच केलं होतं. त्यात काय चुकलं आणि आता मी चाकू कसा निवडते, ते सांगते.

आमच्या परसबागेतला प्रसंग

आमची शाळा वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. पोषण आहारासाठी परसबाग आहे. भेंडी, वांगी, पालक, दोडके असं काय काय लावतो. पाचवीच्या मुलांनी भाजी काढायची असं ठरलं. मी बाजारातून सहा घडीचे चाकू आणले. किल्लीच्या जुडग्याला अडकवतात ना, तसले. मिटले की माझ्या करंगळीएवढे. पातं जेमतेम दीड इंच. म्हटलं, एवढ्याशा चाकूनं काय होणार आहे?

पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, याच्यानं तं भेंडी बी नाही कटत." मी म्हटलं, जरा जोर लाव. शिक्षिका म्हणून माझी पहिली चूक तीच. दुसऱ्या दिवशी एका मुलानं दोडक्याचं जून देठ कापताना चाकूचं टोक आत खुपसून दाबलं. पातं मागे फिरलं आणि त्याच्याच बोटावर मिटलं. तर्जनी कापली. आरोग्य केंद्रात नेऊन पट्टी केली. टाके पडले नाहीत, हे नशीब.

संध्याकाळी त्याची आजी शाळेत आली. मला वाटलं, आता चांगलंच ऐकावं लागणार. ती शांतपणे म्हणाली, "घरी तं इळ्यानं गवत कापते हा, मॅडम. तुमच्या एवढुशा चाकूनं कसं कापलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत चर्चा सुरू झाली की चाकू बंदच करून टाकू. सोपा मार्ग तोच होता. पण हीच मुलं घरी विळा, खुरपं, पावशी हाताळतात. तिथे नीट शिकवणारं कोणी असेलच असं नाही. शाळेनंही हात झटकले तर ती शिकणार कुठे? म्हणून मी आधी आजीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं ठरवलं.

चाकू लहान झाला की काय काय लहान होतं?

आपण चाकूची फक्त लांबी बघतो. खरं तर त्यात चार गोष्टी वेगवेगळ्या पाहायला हव्यात.

१. मूठ. विळ्याची मूठ पूर्ण हातात बसते, चारही बोटं तिच्यावर येतात. माझ्या चाकूंवर मुलांची दोनच बोटं बसत होती. दोन बोटांच्या चिमटीत धरलेली वस्तू जोर लावला की फिरते. वस्तू फिरली की धार कुठे जाईल याचा नेम नाही.

२. धार. स्वस्तातले लहान चाकू बहुतेक बोथट असतात, आणि बोथट चाकू सुरक्षित असा आपला समज असतो. उलट आहे. बोथट चाकूला जास्त जोर लागतो आणि जास्त जोरानं चाललेला हात निसटला तर थांबत नाही.

३. सांधा. विळ्याला सांधा नाही, घडीच्या चाकूला आहे. साध्या घडीच्या चाकूचं पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. धारेच्या बाजूनं खाली दाबलं तर पातं आणखी उघडायला बघतं, म्हणून काही होत नाही. पण टोक खुपसलं किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला की ते मिटायला लागतं, आणि मिटतं ते बोटांवरच. आमच्याकडे झालं ते हेच. काही चाकूंना पातं उघडल्यावर अडकवून ठेवणारी कळ किंवा कडी असते. लहान आकारांत नेमकी तीच बऱ्याचदा नसते.

४. टोक. भाजी कापायला टोकाची गरज जवळजवळ नसते. भोसकल्याच्या जखमा मात्र टोकानंच होतात.

म्हणजे मी चाकू लहान घेतला तेव्हा धोका लहान झालाच नाही. मूठ लहान झाली, धार गेली, कळ गेली. अणकुचीदार टोक तेवढं शिल्लक राहिलं!

खिशासाठी लहान की हातासाठी लहान?

इथे मला एक फरक समजला. वस्तू दोन कारणांसाठी लहान करतात. एक, ती सोबत नेता यावी म्हणून. दुसरं, ती लहान हाताला जमावी म्हणून. ही दोन कारणं वेगळी आहेत.

स्विस चाकूचं उदाहरण घ्या. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला, पुढे त्याचंच नाव व्हिक्टोरिनॉक्स झालं. त्यांचा नेहमीचा चाकू मिटलेला असताना ९१ मिलिमीटर भरतो आणि लहान चाकू ५८ मिलिमीटर. हा ५८ चा चाकू मुलांसाठी केलेला नाही. मोठ्या माणसाच्या किल्ल्यांसोबत राहावा, दोरा तोडावा, पाकीट उघडावं, नख घासावं यासाठी तो आहे. म्हणजे तो खिशासाठी लहान आहे.

आता फ्रान्सचा ओपिनेल चाकू बघा. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये तो पहिल्यांदा बनवला. लाकडी मूठ आणि आकाराप्रमाणे नंबर. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. याच कंपनीनं मुलांसाठी वेगळा चाकू काढला, तेव्हा त्यांनी सगळ्यात लहान नंबर घेतला नाही. ७ नंबर घेतला, पातं आठ सेंटिमीटर. मोठ्यांच्या चाकूपेक्षा फक्त अर्धा सेंटिमीटर कमी! मूठ पूर्ण ठेवली, पातं अडकवणारी कडी ठेवली, आणि टोक तेवढं गोल केलं. त्यांच्या २ ते ५ नंबरच्या चिमुकल्या चाकूंना ती कडी नसते. हा फरक वाचला आणि मला माझी चूक कळली.

हाच विचार आपल्या जिल्ह्यातही झालेला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम पुढे आली. तिथे लहान वर्गांच्या हातात आधी टकळी आली. टकळी लहान आहे, पण खेळणं नाही. तिच्यावर खरं सूत निघतं. हातासाठी लहान वस्तू अशी असते. दुसरीकडे पेटी चरखा, ज्याला येरवडा चरखाही म्हणतात. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना तो घडत गेला. मोठा चरखा घडी करून पेटीत मावावा, प्रवासात नेता यावा, हा त्याचा हेतू. हा सोबत नेण्यासाठी लहान. दोन्ही उपयोगाचे, पण एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

काम काय आहे, ते आधी ठरवा

लहान चाकू म्हणजे मुलांचा आणि मोठा म्हणजे मोठ्यांचा, असंही नाही. आपल्या आष्टी तालुक्याला लागून असलेल्या वरूड तालुक्यात शेंदुरजना घाटच्या संत्र्याच्या रोपवाटिका प्रसिद्ध आहेत. तिथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, साल अलगद उचलायची आणि आत डोळा बसवायचा. या कामाला लहान पात्याचा, पण अतिशय धारदार चाकू लागतो. वापरणारा माणूस त्यात मुरलेला असतो. म्हणजे पातं लहान ते कामासाठी.

यावरून एक सोपा अंदाज धरता येतो. पातं कापायच्या वस्तूच्या जाडीपेक्षा थोडं लांब असावं. लिंबू, पेरू, भेंडी यांना सात-आठ सेंटिमीटर पुरतं. कोहळं कापायचं असेल तर पुरत नाही. आणि कोहळं मुलांनी कापायचंही नाही.

पालकांनी स्वतःच्या खिशासाठी चाकू घेतानाही हाच विचार करावा. दोरा, पाकीट एवढंच असेल तर जुडग्यातला लहान चाकू छान. प्रवासात फळं कापायची, शेतात सुतळी किंवा फांदी कापायची तर पूर्ण मुठीचाच घ्यावा. लहान चाकूवर मोठं काम काढायला गेलं की इजा ठरलेली.

मी आता अशी निवड करते

- मूठ धरल्यावर मुलाची चारही बोटं तिच्यावर बसली पाहिजेत आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा उरली पाहिजे.
- टोक गोल असावं. नसेल तर घासून गोल करून घ्यावं.
- धार चांगली असावी. पिकलेला टमाटा न दाबता कापला गेला, तर धार ठीक.
- शक्यतो सांधा नसलेला चाकू घ्यावा. घडीचा घ्यायचाच असेल तर पातं अडकवणारी कळ हवी.
- पहिली-दुसरीला चाकू नाही. त्यांनी शेंगा सोलाव्यात, पालेभाजी निवडावी. तिसरी-चौथीला पाटावर ठेवून केळी, काकडीसारखी मऊ वस्तू. पाचवीपासून बागेतलं काम.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

प्रत्येक मुलानं चार बोटं जुळवून पट्टीवर रुंदी मोजायची. आमच्या वर्गात बहुतेकांची सहा ते सात सेंटिमीटर भरली. त्यात दोन सेंटिमीटर मिळवायचे. ही झाली आपल्या मुठीची लांबी. मग घरातला विळा, खुरपं, चाकू यांच्या मुठी मोजून तक्ता करायचा. कोणती वस्तू माझ्या हाताला बसते, कोणती नाही? मोजमाप, बेरीज, तुलना हे सगळं त्यात येतं, आणि मुलं स्वतःच सांगायला लागतात की हा चाकू माझ्यासाठी नाही.

शाळेतले नियम

चाकू मोजून द्यायचे आणि मोजूनच परत घ्यायचे. घरून चाकू आणायचा नाही. चाकू हातात असताना चालायचं नाही. कापताना धार अंगापासून दूर. एका वेळी चारच मुलं, आणि मी तिथेच. घडीचा चाकू मिटायचा तो मीच.

आता आमच्याकडे चार चाकू आहेत. लाकडी मुठीचे, सांधा नसलेले, टोक गोल केलेले. आधीच्या सहा चाकूंपेक्षा आकारानं मोठे. पालक सभेत ते दाखवले तेव्हा काही पालक दचकले. तेव्हा ज्याचं बोट कापलं होतं त्याच्याच आजीनं एक चाकू हातात घेतला, मूठ आवळून पाहिली आणि म्हणाली, "हा बराबर हाय. हा धरता येते."

त्या दिवशी तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनंच दिलं. मुलाच्या हातात काहीही देताना, ते किती लहान आहे यापेक्षा ते त्याला धरता येतं का, हे आधी बघूया.